रत्नाबाईंचा मंगळवार

राजाजीनगरातल्या जुन्या मराठी लोकांत कुणाचं लग्न जमायचं असेल तर ते रत्नाबाईंच्या वहीतून जमतं. मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर तीन वर्षं भाड्यानं राहते. मूळची पुण्याची. कोरमंगल्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. रत्नाबाई हेच काम तीस वर्षं नुसत्या आवडीनं करत होत्या, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. फक्त मी काकू म्हटलं तेव्हा त्या फणकारल्या. "काकू बेडा ग, काकू नको. अक्का म्हण. काकूनं म्हातारं वाटतं." वय तेव्हा एकोणसाठ.

इथली ही मराठी घरं शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलेली, निदान प्रत्येक घर तसं सांगतं. आलेले सगळे सरदार होते. ज्याचा पूर्वज घोड्यांना चारा घालत होता असा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. चारशे वर्षांत पुरुषांच्या नावापुढे राव टिकलं, बायकांच्या नावापुढे बाई टिकलं, घरात मराठी टिकली आणि तिच्यात कानडी इतकी मुरली की पहिले सहा महिने रत्नाबाईंचं बोलणं मला निम्मंच कळायचं. समाज लहान. जो तो कुणाचा तरी व्याही, नाहीतर व्याह्याचा मेहुणा. कुणाच्या घरात शिंक आली तरी चार घरांना कळते.

रत्नाबाईंची वही लाल कापडी पुठ्ठ्याची आहे. एका घराला एक पान. पानाच्या डोक्यावर पेनानं देवक लिहिलेलं, कारण एका देवकात लग्न होत नाही. त्याखाली शिक्षण, उंची, नोकरी. आणि उजवीकडे खाली, कोपऱ्यात, पेन्सिलीनं बारीक अक्षरात: "मुलगा चांगला, आई जड." "आधी ठरलेलं मोडलं, कारण काढावं." "आजोबांना फिट यायच्या." पेनातलं सगळ्यांना दाखवायचं, पेन्सिलीतलं फक्त रत्नाबाईंनी वाचायचं आणि दुसऱ्या पक्षाच्या कानात सांगायचं. पेन्सिल का, असं मी एकदा विचारलं. "खोटं निघालं तर खोडता येतं," त्या म्हणाल्या. खोडलेलं मला एकही दिसलं नाही.

ही कोपऱ्यातली माहिती त्या काढायच्या कशी, हे पाहण्यासारखं होतं. सरळ प्रश्न त्यांनी जन्मात विचारला नाही. "सुम्मे विचारते हं," अशी सुरुवात. सुम्मे म्हणजे उगीच, सहज. "सुम्मे विचारते, मुलगी लहानपणी आजारी-बिजारी?" "सुम्मे विचारते, धाकटे भाऊ हल्ली कुठे दिसत नाहीत?" न कळवता जायचं, कॉफी घ्यायची, मग पाणी मागायचं आणि घरची बाई उठायच्या आत "बसा, मी घेते" म्हणत स्वयंपाकघरात शिरायचं. तिथे फ्रिजच्या डोक्यावर बघायचं. त्यांचा अनुभव असा की घर कितीही मोठं असो, गोळ्या फ्रिजवरच असतात. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांना माफी होती. डोक्याच्या गोळ्या असल्या की संपलं. त्यांची नावं त्यांनी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून पाठ करून घेतली होती. वहीतून एकशे चौदा लग्नं झाली आणि त्यांत एकही 'डोक्याची केस' नाही, हे त्या मला अभिमानानं सांगायच्या. मी त्यांनी दिलेलं चित्रान्न खात ऐकून घ्यायची.

गेल्या ऑक्टोबरात त्यांचा मुलगा ऋतुराज कामावर जायचा थांबला. अठ्ठावीस वर्षांचा, गाड्यांच्या शोरूममध्ये विम्याचे कागद करायचा. नवरा दहा वर्षांपूर्वी गेलेला, घरात हे दोघंच. पहिला आठवडा ताप म्हणून गेला, दुसरा पाठ म्हणून. पुढे कारण सांगायचंही त्यानं सोडलं. आंघोळ नाही, जेवण दोन घास, खोलीचा पडदा दिवसभर ओढलेला. रत्नाबाई लोकांना सांगत होत्या, वर्क फ्रॉम होम.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी त्या वर आल्या. हातात डबा नव्हता, हे पहिल्यांदाच. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "शाल्मली, सुम्मे विचारते हं..." पुढचं काही आलंच नाही. खुर्चीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मी पाणी दिलं. त्यांनी माझ्या फ्रिजकडे पाहिलंसुद्धा नाही, तेव्हा मी घाबरले.

माझ्याकडे येण्याचं कारण साधं होतं. त्यांच्या वहीत माझं पान नव्हतं. चारशे घरांचे फोन नंबर ज्यांच्याजवळ, त्यांना एकही फोन करता येत नव्हता. "हे ज्यांच्या घरात होऊन गेलंय ते असणारच ग," त्या म्हणाल्या. "कुठे जायचं, कुणाला दाखवायचं, त्यांना ठाऊक असेल. पण ते सांगतील? मला?"

तो शनिवार मी फोन करण्यात घालवला. पहिला नंबर बंद. दुसऱ्यावर एक अर्ज भरा असं यंत्र सांगत होतं. तिसरं कोरमंगल्यातलं एक सुरेख सेंटर, भिंतीवर रोपं वगैरे, पहिली तारीख एकोणीस दिवसांनंतरची. चौथ्या ठिकाणच्या बाई फार चांगल्या होत्या, पण इंग्रजीच बोलणाऱ्या. ऋतुराज म्हणाला, "मला इंग्रजीत रडू येत नाही." दोन महिन्यांत त्यानं उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य असावं. पाचवा नंबर १४४१६, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालणारा. तो पाच मिनिटांत लागला. पलीकडच्या माणसानं कोणती भाषा ते विचारलं, घाई न करता ऐकून घेतलं आणि जवळची ठिकाणं सांगितली. पहिलं नाव निम्हान्स.

रत्नाबाई ताडकन उठल्या. "बेडा. ते नाव या घरात घ्यायचं नाही."

पुण्यात भांडणात येरवडा काढतात, तसं बंगळुरात निम्हान्स काढतात. मानसिक आजारांचं इतकं मोठं हॉस्पिटल, देशभरातून लोक येतात, पण गावातल्या माणसाला ते नाव शिवीसारखं लागतं. मी सांगून पाहिलं की तिथे चांगले डॉक्टर आहेत, पैसे लागत नाहीत म्हणावं इतके कमी लागतात. उपयोग शून्य. "आणि तिथे आमच्यातलं कुणी दिसलं तर?"

शेवटी एक जागा पसंत पडली. बोम्मसंद्र्याला, कारखान्यांच्या भागात, एका ट्रस्टचा दवाखाना. मंगळवारी सकाळी मानसोपचाराचे डॉक्टर बसतात, कानडी बोलतात. राजाजीनगरहून मेट्रोच्या हिरव्या लाइनीनं आर. व्ही. रोड, तिथे बदलून नवी पिवळी लाइन, आणि शेवटचं स्टेशन. शेवटचं स्टेशन म्हटल्यावर रत्नाबाईंचा चेहरा खुलला. "तिथे आमचं एकही घर नाही," त्या म्हणाल्या. वही पाहून खात्री करून घेतली.

जानेवारीतल्या पहिल्या मंगळवारी आम्ही तिघं निघालो. गाडी बदलायची धास्ती म्हणून मला नेलं. रत्नाबाईंनी कोविडातला मास्क शोधून काढला होता आणि माझी ओढणी डोक्यावरून घेतली होती. ऋतुराज दवाखान्याच्या दारात थबकला, परत जाऊ म्हणाला. रत्नाबाईंनी त्याचं मनगट धरलं ते आत खुर्चीत बसेपर्यंत सोडलं नाही.

पत्र्याच्या छपराखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कंपनीच्या गणवेशातले कामगार, डबे घेऊन आलेल्या बायका. समोरच्या रांगेत माकडटोपी आणि मास्क घातलेले एक गृहस्थ आणि शेजारी चोविसेक वर्षांची एक मुलगी. स्वेटरच्या बाह्या तिनं बोटांपर्यंत ओढून मुठीत धरल्या होत्या. दारातून नर्सनं नाव पुकारलं, "ऋतुराज!"

रत्नाबाई उठल्या आणि सवयीनं ओरडल्या, "बंदे, बंदे!" आले, आले. मास्क चेहरा झाकतो, आवाज झाकत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये मुहूर्ताला गर्दी सरकवणारा तो आवाज तीस वर्षं समाजातल्या प्रत्येकानं ऐकलेला. समोरचे गृहस्थ विजेचा झटका बसल्यासारखे उभे राहिले. घाईत माकडटोपी वर सरकली आणि रत्नाबाईंच्या तोंडून निघालं, "व्यंकोजीराव?"

गृहस्थांनी मुलीचं मनगट धरलं आणि तिला ओढत बाहेर नेलं. ती जाताना दोनदा मागे वळून नर्सकडे बघत होती. आणि रत्नाबाई? त्यांनी ओढणी खाली ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. ऋतुराज आतून बाहेर येईपर्यंत नर्सनं "संयोगिता" हे नाव तीन वेळा पुकारलं. मग कागद गठ्ठ्याच्या खाली सरकवला.

ही संयोगिता वहीत होती. व्यंकोजीराव राजाजीनगरातच, पाच गल्ल्या पलीकडे राहतात. एका औषध कंपनीतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, एकच मुलगी. तिच्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं, घरात सर्व निरोगी. तेही शेवटचं स्टेशन शोधूनच आले होते. लपायला सगळ्या गावाची एकच कल्पना निघाली. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी यावर हसले असते.

परतीच्या गाडीत रत्नाबाईंचा एकच धोशा. "त्यांनी ऋतूला पाहिलं. आता सगळीकडे सांगतील." मला त्यांचा राग आला. आला म्हणजे चांगलाच आला. मी म्हटलं, "अक्का, ती मुलगी डॉक्टरला न भेटता गेली. तुम्हाला बघून गेली."

"आमच्यात असंच असतं ग," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

बुधवार असाच गेला. ऋतुराजच्या गोळ्या फ्रिजवर नव्हत्या, हे मी पाहिलं. त्या तांदळाच्या डब्यात होत्या. गुरुवारी दुपारी व्यंकोजीरावांचा फोन आला. "अक्का, आमच्या संयोगिताचं पान वहीतून काढून टाका," एवढंच बोलले. तीस वर्षांत पान घालायला लोक विनवण्या करत आले होते, काढायला कुणी सांगितलं नव्हतं. रत्नाबाईंनी कारण विचारलं नाही. सुम्मेसुद्धा नाही.

संध्याकाळी त्यांनी हे ऋतुराजला सांगितलं. पुढचं सगळं घडलं तेव्हा मी तिथे नव्हते. रत्नाबाईंनी नंतर मला जसं सांगितलं तसंच सांगते. ऋतुराज म्हणाला, "आई, मी पण दारातून परत येणार होतो. तू मनगट धरून आत नेलंस. तिचं मनगट धरून तिच्या अप्पांनी बाहेर नेलं. तुझ्यामुळे." पोरगा असं बोलला म्हणून रत्नाबाईंना राग यायला हवा होता. त्यांना रडू आलं. मग त्यांनी त्याला एक गोष्ट विचारली, आणि तो काय म्हणाला ते पुढे येईल.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता वही घेऊन त्या व्यंकोजीरावांकडे गेल्या. नेहमीसारखं, न कळवता. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली. संयोगिताच्या खोलीचं दार उघडं होतं आणि व्यंकोजीरावांची खुर्ची त्या दारासमोर ओढून ठेवलेली. रत्नाबाईंनी मुलीची चौकशी केली.

"तिला काही नाही. थंडीताप होता, त्यासाठी नेलं होतं," ते म्हणाले.

राजाजीनगरातून थंडीतापासाठी बोम्मसंद्र्याला कुणी जात नाही. रत्नाबाईंना या वेळी खरोखरच पाणी हवं होतं. "बसा, मी घेते," म्हणत त्या आत गेल्या, आणि तीस वर्षांची सवय, मान आपोआप वर झाली.

फ्रिजवर काही नव्हतं. एक चिठोरं नाही, रबरबँड नाही, धूळसुद्धा नाही. पुसून लख्ख केलेला. "शाल्मली," त्या मला म्हणाल्या, "इतका रिकामा फ्रिज मी एका घरात पाहिला नाही. आणि मग आठवलं की पाहिलाय. खूप घरांत पाहिलाय. मी येणार म्हणून पुसलेले असायचे ग ते. मी समजत होते, घरात सगळे निरोगी."

पाणी न पिताच त्या बाहेर आल्या. वही उघडली. स्वतःच्या घराचं पानही त्यात होतं, ऋतुराजसाठी, वर पेनानं देवक, खाली उंची, नोकरी. कोपरा कोरा. "अण्णा, पेन द्या," त्या म्हणाल्या. व्यंकोजीरावांनी खिशातलं पेन काढून दिलं. रत्नाबाईंनी देवकाच्या बरोबर खाली, पानाच्या मध्यावर, मोठ्या अक्षरात लिहिलं: ऋतुराजला डिप्रेशन आहे. औषध चालू. बोम्मसंद्रा, मंगळवार. खाली गोळीचं नाव आणि सही.

आदल्या संध्याकाळी त्यांनी मुलाला हेच विचारलं होतं, लिहू का म्हणून. तो म्हणाला होता, "लिही. देवकाच्या खाली लिही, म्हणजे कुणाला चष्मा लागायला नको." चार महिन्यांतली त्याची पहिली थट्टा.

वही व्यंकोजीरावांच्या मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "आता माझं तुमच्या हातात आहे. दाखवा ज्याला दाखवायचं त्याला. आणि मला सांगा, संयोगिताला काय होतंय."

व्यंकोजीरावांनी ते दोनदा वाचलं. मग इतके हळू बोलले की रत्नाबाईंना पुढे वाकावं लागलं. "जगायचं नाही म्हणते, अक्का. मंगळवारपासून मी तिला एकटं सोडलेलं नाही. झोपलेलो नाही मी."

माझ्या हस्ताक्षरातला १४४१६ वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत होता. रत्नाबाईंनी तिथेच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि संयोगिताच्या पलंगावर तिच्या शेजारी जाऊन बसल्या. पलीकडे एक बाई होती. तिनं मुलीचं नाव विचारलं, जेवलीस का विचारलं, कधीपासून असं वाटतंय ते विचारलं. आणि मग साध्या आवाजात, कानडीत, विचारलं, "संयोगिता, जीव द्यावा असं मनात येतं का?"

व्यंकोजीराव खुर्चीतून उठले. रत्नाबाई म्हणतात, माझ्याही मनात आलं, असं कुणी विचारतं का, विचारल्यानं वाईट घडेल, हीच भीती. पण त्या मुलीनं मुठीतल्या बाह्या सोडल्या आणि म्हणाली, "हौदु." होय. आणि मग बोलायला लागली. थांबेचना. इतके दिवस कुणी तिला नेमकं तेवढंच विचारलं नव्हतं.

बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी सांगितलं की हिला एक क्षणही एकटी ठेवू नका आणि आत्ताच, मंगळवारची वाट न बघता, मानसोपचाराचा आपत्कालीन विभाग असेल तिथे न्या. राजाजीनगरहून कुठे जायचं, तेही सांगितलं.

व्यंकोजीरावांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "मागच्या गल्लीतून जाऊ. कोपऱ्यावरून रिक्षा धरू." त्यांच्या घरासमोर समाजातलीच दोन घरं आहेत. दोन्ही घरांच्या बायका त्या वेळी दारात भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या. रत्नाबाई संयोगिताचा हात धरून पुढच्या दारानं बाहेर पडल्या. मास्क नाही, ओढणी नाही. समोरून येणारी रिक्षा त्यांनी हात करून थांबवली आणि मुहूर्ताच्या आवाजात ओरडल्या, "निम्हान्स!"

भाजीवाला वळून बघायला लागला. रिक्षावाल्यानं, "स्वल्प हळू बोला, अक्का, ऐकू येतं मला," असं म्हणत मीटर टाकलं. हे रत्नाबाई अजूनही हसत सांगतात. त्या दिवशी हसल्या नव्हत्या. संध्याकाळपर्यंत तिथल्या बाकावर बसून होत्या, एका बाजूला संयोगिता, दुसऱ्या बाजूला व्यंकोजीराव. मुलीला तपासलं, अकरा दिवस ठेवून घेतलं. मला फोन आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आत घेतलं ग तिला. आत घेतलं."

आता शेवट गोड करून सांगायला हवा, पण तसा तो नाही. भाजीवाल्याच्या गाडीवरून निघालेली बातमी रविवारपर्यंत मल्लेश्वरमला पोचली होती. फेब्रुवारीत चौदा घरांनी आपली पानं परत मागितली. एका लग्नात कुणीतरी म्हणालं की रत्नाबाईंचंच डोकं फिरलंय. ऋतुराजसाठी बोलणं चालू होतं ते घर गप्प झालं. तो आता अर्धा दिवस शोरूमला जातो. काही दिवस बरे असतात, काही नसतात. व्यंकोजीराव रत्नाबाईंना रस्त्यात दिसले तर मान खाली घालून जातात. आभार-बिभार काही नाही. ज्यानं आपल्याला त्या अवस्थेत पाहिलं त्याच्याशी बोलणं अवघड असतं, हे मला कळतं. रत्नाबाईंना राग येतो, आणि त्या तो बोलूनही दाखवतात.

पण मार्चपासून दुपारचे फोन सुरू झाले. नंबर ओळखीचा असतो, आवाज दबलेला. "अक्का, सुम्मे विचारते हं, माझ्या एका मैत्रिणीची बहीण आहे..." रत्नाबाई ऐकून घेतात. मग म्हणतात, "सुम्मे विचारू नको. सरळ विचार. कोण आहे, तू आहेस का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, हो. वहीच्या पहिल्या पानावर, जिथे गणपतीचं चित्र चिकटवलेलं होतं, त्याखाली आता यादी आहे: कुठल्या दवाखान्यात कोणत्या वारी डॉक्टर बसतात, कोण कानडी बोलतं, कोण हिंदी, जिना आहे की लिफ्ट, कुठे किती वेळ बसावं लागतं. सगळं पेनानं. फोन केल्याशिवाय आणि एकदा जाऊन आल्याशिवाय त्या कुठलंही नाव लिहीत नाहीत. चौकशी करणं त्यांना येतंच. खोडरबरही अखेर कामाला आला; एका रविवारी त्या चष्मा लावून सगळ्या वहीचे कोपरे खोडत बसल्या होत्या. मी मदत करू का विचारलं, तर नको म्हणाल्या.

ऋतुराजला डॉक्टरनी महिन्यातून एकदाच बोलावलंय. रत्नाबाई मात्र दर मंगळवारी बोम्मसंद्र्याला जातात. दवाखान्यात शिरल्यावर दाराच्या अगदी समोर जी खुर्ची आहे, ती त्यांची. आत येणाऱ्याची पहिली नजर त्यांच्यावरच पडते. मी एकदा म्हटलं, अक्का, तुम्हाला बघून लोक पळतात हे विसरलात का? "म्हणूनच तिथे बसते," त्या म्हणाल्या. "आधी मी दिसले पाहिजे. मग त्यांना कळू दे की मी पण लायनीत आहे."

मागच्या मंगळवारी मला सुट्टी होती, सोबत गेले. संयोगिता आमच्या आधीच येऊन रत्नाबाईंच्या खुर्चीशेजारी बसली होती, टोकन घेऊन. तिचे वडील बाहेर पायरीवर पेपर वाचत होते. साडेदहाच्या सुमारास दारात एक बाई आली, साठीची, डोक्यावरून पदर, तोंडाला मास्क, मागे तरणाताठा मुलगा. तिनं आत पाऊल टाकलं, रत्नाबाईंना पाहिलं आणि जागच्या जागी थिजली. हात मागे जाऊन मुलाचं मनगट धरलेलं मला दिसलं.

"बा, बा! आत या!" रत्नाबाई सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माझा मुलगा पण इथलाच पेशंट आहे. इथे बसा."

बाई हलली नाही. तेव्हा संयोगितानं मांडीवरची पिशवी उचलली आणि पलीकडच्या खुर्चीवर सरकून आपली खुर्ची तिला रिकामी करून दिली.